स्तनाची शस्त्रक्रिया ठरली आहे. मग चेहऱ्याचं बोटॉक्स कधी?

स्तनाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की काही जणी विचारतात, ‘बोटॉक्स किंवा फिलर आधीच उरकून घेऊ का?’ घ्यायचंच असेल, तर मध्ये निदान दोन आठवडे हवेत. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तो तीन-चार महिने टिकतो. फिलरची सूज, काळे-निळे डागही बहुधा तेवढ्याच काळात ओसरतात.

भूलतज्ज्ञांना मात्र इंजेक्शनची तारीख सांगायलाच हवी. बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतं. भूल देताना वापरली जाणारी स्नायू शिथिल करणारी औषधं आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकंही याच जागी काम करतात. चेहऱ्यासाठीची मात्रा लहान असते, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण लपवण्याचंही नाही.

शस्त्रक्रियेनंतर घाई नको. जखम भरेपर्यंत, ताप किंवा संसर्ग असताना सुई टाळावी.

कर्करोगासाठी शस्त्रक्रिया असेल, तर प्रश्नच वेगळा. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, म्हणजे संसर्ग आणि रक्तस्राव दोन्हींची भीती. तेव्हा सुरकुत्या थांबू शकतात, उपचार नाही. सुंदर दिसावंसं वाटण्यात गैर काहीच नाही, उलट आजारपणात ते उभारी देतं. फक्त ऑन्कॉलॉजिस्टची संमती आधी घ्या. आणि इंजेक्शनचे डाग पडू नयेत म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.