लेक टांझानियाला निघाली, बरोबर काय देऊ?

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपला आणि आमच्या गटातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "जावयाला टांझानियात कारखान्यात काम लागलंय. दोन महिन्यांनी लेकही जाईल. तू तिकडं तीन वर्षं राहून आलीस, सांग, बरोबर काय देऊ?" मग उत्तरही त्यांनीच दिलं, "लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी. बाकी काय, ऊन आणि डास आपल्याकडंही आहेतच की!"

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि आज यावरच बोलायचं ठरवलं. कारण जाताना मीही अगदी हेच म्हणाले होते.

टांझानिया म्हणजे आफ्रिकेचा पूर्व किनारा, आपल्या समुद्राच्या पलीकडची बाजू. मुंबईहून विमानानं साधारण सहा तास. दार-ए-सलाम हे तिथलं मोठं शहर, हवा आपल्या कोकणासारखी दमट, चिकचिकीत. देश विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे ऋतू उलटे. डिसेंबर ते मार्च उकाडा, मार्च ते मे मोठा पाऊस आणि जून-जुलैत हवा जरा सुखाची. हे सगळं अंगवळणी पडतं. डासांचं मात्र तसं नाही.

आपल्याकडे हिवतापाचे मुख्य दोन प्रकार आढळतात. एक माणसाला लोळवतो, पण जिवावर सहसा बेतत नाही. दुसरा मेंदूत जातो. टांझानियात बहुतेक सगळा हिवताप हा दुसऱ्या प्रकारचा. तिथं जन्मलेल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून पुन्हा पुन्हा ताप येऊन थोडी ताकद आलेली असते. तीही काही वर्षं परदेशात राहिलं की ओसरते. मग आपण तर कालच उतरलेलो. "आम्हाला डासांची सवय आहे" हे बोलणं तिथं फार महागात पडतं.

म्हणून पहिली वस्तू मच्छरदाणी. औषध लावलेल्या मच्छरदाण्या तिथंही मिळतात. पण पहिल्या रात्रीपासून हवी, म्हणून मी तर म्हणेन इथूनच न्या. हिवतापाचा डास संध्याकाळ झाल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचायची, नुसती लोंबती ठेवायची नाही. धुताना साधा साबण, हलक्या हातानं, आणि वाळवायची सावलीत. उन्हानं औषध उतरतं. भोक पडलं तर त्याच दिवशी टाका घालायचा. जाण्याआधी डॉक्टरांना हिवताप होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं विचारा. त्या निघण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही काही दिवस चालू ठेवाव्या लागतात. लेक गरोदर असेल आणि जाणं पुढं ढकलता येत असेल, तर ढकला. गरोदरपणात हा ताप आई आणि बाळ दोघांवरही उलटतो.

ताप आलाच तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तिथल्या नेहमीच्या औषधाला लोक 'मसेतो' म्हणतात, म्हणजे मिश्रण. तीन दिवसांत सहा वेळा घ्यायचं, दूध किंवा तेलातुपाच्या जेवणाबरोबर, म्हणजे अंगी लागतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि बायका उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवून देतात. हे करू नका. अर्धं औषध म्हणजे अर्धा राहिलेला आजार.

इथं एक गंमत आहे, पण गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. स्वाहिली माणूस घड्याळ सूर्योदयापासून मोजतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'एक'. नर्स म्हणाली "साआ म्बिली", म्हणजे दोन, तर गोळी आठ वाजता घ्यायची असते! मी पहिल्यांदा दुपारी दोनला घेतली. तेव्हापासून वेळ कागदावर लिहून, घड्याळावर बोट ठेवून विचारायची.

आता माझी चूक सांगते. सुट्टीला गावी आले आणि आठवडाभरात थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात साध्या तापाच्या गोळ्या मिळाल्या. कुठून आलात, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाहुणे, जेवणं, कोण सांगत बसतं! चौथ्या दिवशी मी असंबद्ध बोलायला लागले, तेव्हा आमच्या आशाताईंना सुचलं आणि रक्त तपासलं. पुढचे पाच दिवस सलाईन. हा ताप परतल्यावर महिन्याभरात येऊ शकतो, कधी दोन-तीन महिन्यांनीही. तेव्हा लेक माहेरी आली आणि तापली, तर दवाखान्याच्या दारातच सांगा, "ही आफ्रिकेतून आलीय."

दुसरी गोष्ट ऐकून मावशींनी तोंडाला पदर लावला. तिकडे एक माशी असते, आपले लोक तिला 'मँगो फ्लाय' म्हणतात. ती सावलीत वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते. कपडे अंगात घातले की अळी कातडीत शिरते आणि गळवासारखी गाठ येते. उपाय एकच, प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री. चादरी, आतले कपडे, बाळाचे लंगोट, शिवणीसकट. तिथं वीज जाते म्हणून कोळशाची इस्त्रीही मिळते. गाठ आलीच तर पिळायची नाही, दवाखान्यात जायचं.

पाणी उकळून प्यायचं, याबद्दल जास्त काय सांगू! अंधार पडल्यावर बाई एकटी पायी फिरत नाही, आणि मोटारसायकलची 'बोडाबोडा' केलीच तर हेल्मेट मागून घ्यायचं.

आणि मावशी, खाण्यापिण्याची काळजी सोडा. तिथं ज्वारीला 'म्टामा' म्हणतात, नाचणीला 'उलेझी', मुगाला 'चोरोको', आणि 'मचिचा' म्हणजे आपल्या माठासारखीच पालेभाजी. तुरीला 'म्बाझी'. तिथली तूर तर जहाजानं आपल्याकडे येते, आज तुमच्या आमटीतही असेल! भाकरीचं पीठ बाजारात गिरणीवर दळून मिळतं. शेजारीण मक्याचा घट्ट 'उगाली' करताना तुमच्या लेकीला बोलावेल, आणि दुकानाला ते 'दुका'च म्हणतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला रडू आलं तरी दुसऱ्यात ती बाजार करायला लागेल.

मावशींनी मग पिशवी पुन्हा भरली. पापड राहिले, चटणी राहिली. लोणच्याची एक बरणी काढून त्या जागी मच्छरदाणी, सुईदोरा आणि थर्मामीटर गेला. जावयाच्या फोनमध्ये दार-ए-सलामच्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर आहे का, तेवढं विचारायचं राहिलंय.