ताप नाही, पण आजी कालची नाही

उतारवयाची शुश्रूषा : लेखांक ६

आषाढात वारासिवनी-लांजीकडे रोवणी लागली की घरं सकाळीच रिकामी होतात. रोवणीला बायाच जास्त आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं करणंही बायांकडेच. सून निघताना आजीच्या खाटेशी तांब्या भरून ठेवते, भात झाकून ठेवते. चिखलाने भरलेल्या पायांनी संध्याकाळी परतते, तर भात तसाच आणि तांब्याही भरलेला. हाक मारली की आजी ‘हं’ म्हणते आणि पुन्हा डोळे मिटते. कपाळाला हात लावला तर गरम लागत नाही. ‘थकली असेल, वय झालं’ असं म्हणून घर झोपी जातं.

ती रात्र वाया जाऊ देऊ नका, हेच या लेखात सांगायचं आहे. सत्तरी ओलांडलेलं माणूस एक-दोन दिवसांत वेगळं वागू लागलं, तर तो बदल हाच आजार समजावा. ताप, खोकला, कळ ही लक्षणं तरुण शरीरात ठळक असतात. म्हातारपणी शरीराचं मूळ तापमानच थोडं खाली असतं आणि जंतूंशी झुंजायची ताकदही उणावलेली असते. त्यामुळे न्यूमोनिया असूनही अंग जेमतेम कोमट लागतं. तोंडात थर्मामीटर धरून १०० अंश फॅरनहाइटच्या वर पारा गेला, किंवा माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंश वाढला, तर तो ताप धरावा. म्हणून धडधाकट असतानाच दोन-तीनदा तापमान घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं बरं.

तापापेक्षाही श्वास जास्त बोलतो. आजीला सांगू नका, नाहीतर ती श्वास आवरते. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरा, छातीवर लुगड्याचा पदर वर-खाली होतो तो घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. पंचवीस किंवा जास्त भरले, तर सकाळची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा.

आता वागण्याकडे येऊ. अचानक भान हरपण्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात, गावात ‘वात झाला’ म्हणतात. कुणी रात्री उठून ‘घरी चला’ म्हणतं, मेलेल्या भावाशी बोलतं, सलाईन उपटतं. असं झालं की घर धावाधाव करतं, कधी कधी मांत्रिकाकडेही. पण ज्यात माणूस गप्प होतं, झोपाळतं, घास तोंडात धरून बसतं, तो प्रकार कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते, कारण शांत माणसाची तक्रार कोण करणार? स्मृतिभ्रंश महिने-वर्षं घेत हळूहळू येतो. हे काही तासांत येतं आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. काल म्हणता येत होते आणि आज दुसऱ्या वाराशीच धागा सुटला, तर लक्ष टिकत नाहीये. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या माणसालाही हे होतं. त्याला तर जास्तच.

कारण बहुतेकदा हाताशी सापडतं. वयाबरोबर तहान मंदावते, मूत्रपिंडही पाणी धरून ठेवत नाही. परसाकडे जायला चिखल तुडवायला नको म्हणून कित्येक म्हाताऱ्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. लघवी गडद झाली का, चार दिवसांत पोट साफ झालं का, ओटीपोट फुगलंय का, हे विचारायला लाजू नये. मग गोळ्यांची पिशवी रिकामी करा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेची गोळी, लघवी सुटायची गोळी, यांपैकी कशानेही म्हातारा मेंदू गोंधळतो. साखरेची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण सुटलं, तर साखर इतकी उतरते की माणूस बरळायला लागतं. रोज मोहाची घेणाऱ्या म्हाताऱ्याची दारू आजारपणात एकदम तुटली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, नसलेले किडे दिसतात. हे डॉक्टरांपासून लपवणारी घरं आहेत. लपवू नका, त्याने जीव जातो. आणि बैहर, बिरसा, परसवाडा या जंगलपट्ट्यात हिवतापाची तपासणी झाल्याशिवाय गप्प बसूच नये. आशाताईच्या पट्टीवर बोटाचं थेंबभर रक्त पुरतं.

दवाखान्यात नेईपर्यंत काय करायचं? पूर्ण जागी असेल तर उशीला टेकवून ताठ बसवा. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी कालवा, चमच्याचमच्याने द्या, प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करून. पातळ पेज मीठ घालून चालते. डॉक्टरांनी हृदयासाठी पाण्यावर बंधन घातलं असेल तर आधी त्यांना विचारा. झोपाळलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते थेट फुप्फुसात उतरतं.

वॉर्डात बांधून ठेवण्यापेक्षा ओळखीचा हात हातात असणं जास्त कामाचं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी घरी विसरू नका. दिवसा उजेड, रात्री काळोख आणि झोप, ‘आज बुधवार, आपण बालाघाटच्या दवाखान्यात आहोत’ असं पुन्हा पुन्हा सांगणं, जमेल तसं खाटेवरून उठवून चालवणं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शेरॉन इनुये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर हेच नेमाने करून पाहिलं. नेहमीच्या देखभालीत शंभरातल्या पंधरांना भ्रम झाला, या शुश्रूषेत दहांना. १९९९ साली हे छापून आलं. यात औषध एकही नव्हतं.

डॉक्टर विचारतात, ‘कधीपासून?’ तेव्हा ‘म्हातारपणामुळे’ असं उत्तर देऊ नका. ‘सोमवारी तांदूळ निवडत होती, मंगळवारी संध्याकाळपासून अशी आहे’ असं सांगा. रोज जवळ असणाऱ्या सुनेइतकी नेमकी माहिती कुठल्याही तपासणीत मिळत नाही. म्हणून दवाखान्यात फक्त मुलगा पाठवून भागत नाही. केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष धरलेला आहे, त्याची चौकशी करा. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. ते आजारपणाआधीच काढून ठेवा.

घरी आणल्यावर पुष्कळ जण खचतात, कारण जंतू गेले तरी भान परतायला आठवडे लागतात, कधी महिनेही. तोवर आजीशी वाद घालू नये. मेलेल्या भावाला हाक मारत असेल तर त्याच्याच गोष्टी काढाव्यात. दुसऱ्या आठवड्यानंतरही सुधारणा दिसत नसेल, किंवा पुन्हा झोपाळली, तर परत दाखवावं. पुढच्या लेखात अर्धांगवायू झालेल्या माणसाला घास कसा भरवायचा ते पाहू.