कलगी-तुरा आणि रॅप

गाण्याची आवड ही मोठी हट्टी वस्तु आहे. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या सुशिक्षित घरांत मुलगा हेडफोन लावून 'रॅप' ऐकत बसला, कीं वडील म्हणतात, "हें गाणें कसलें? ही तर नुसती बडबड!" मुलाला बोल झोंबतो, पण उत्तर सुचत नाहीं. वस्तुतः तें उत्तर त्याच्याच जिल्ह्याच्या मातींत आहे.

रॅप म्हणजे तालावर म्हटलेलें यमकबद्ध बोलणें. हिप-हॉप या लोककलेचें तें एक अंग होय. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं सिंडी कॅम्पबेल या मुलीनें नाचाचा एक मेळावा भरविला होता. तिचा भाऊ कूल हर्क तबकड्या वाजवी. गाणें थांबून नुसता ताल उरला, कीं नाचणाऱ्यांना विशेष स्फुरण चढतें, हें त्यानें हेरलें होतें. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवूं लागला. त्या तालावर बोलणारे पुढें आले, एकमेकांना यमकांतून आव्हान देऊं लागले. आणि १९८२ च्या 'द मेसेज' या गाण्यानें गरीब वस्तीची हलाखी जगापुढें मांडली.

कलगी-तुऱ्याची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यांत नवल वाटूं नये. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानीत, कलगीवाले शक्तीला. एका शाहिरानें डफ-तुणतुण्याच्या साथींत कोडें घालावें, दुसऱ्यानें कवनांतूनच तें सोडवावें, हा सवाल-जबाब. शब्द तालांतून सुटला कीं बाजी गेली. हा नियम दोन्हीकडे एकच.

या आवडीची किंमत किती जबर असते, तें वाळवें तालुक्यानें पाहिलें आहे. हा तालुका पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, आणि १९६० त त्याचें नांव सांगली झालें. तेथील रेठरें हरणाक्ष गांवीं १८६६ त श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. तमाशाच्या ओढीनें या ब्राह्मणानें कुलकर्णीपण सोडलें, पवळा या महार कलावतीच्या साथीनें फड गाजविला, आणि तो पठ्ठे बापूराव झाला. स्वजनांनीं त्यास दूर लोटलें. १९४५ त विपन्नावस्थेंत त्याचा अंत झाला. आज त्याच्या लावण्यांचें कौतुक करणाऱ्या घरांसारख्याच घरांनीं त्याच्या हयातींत त्याला दारें लावलीं होतीं.

याच तालुक्यांतील वाटेगांवीं १९२० त मातंग कुटुंबांत अण्णा भाऊ साठे जन्मले. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीं. पण मुंबईच्या कामगारांचें जिणें त्यांनीं लावणी-पोवाड्यांत आणलें. वस्तीचें दुःख वस्तीच्याच बोलींत सांगणें, हेंच रॅपचेंही ब्रीद. मुंबईच्या 'स्वदेशी' या कलापथकांतील एम. सी. मवाली मराठींत रॅप करतो. 'द वारली रिव्होल्ट' या त्यांच्या गाण्यांत आदिवासींच्या जमिनीचा आणि जंगलाचा प्रश्न आहे. २०१८ त केंड्रिक लामार या रॅपकाराला अमेरिकेचें पुलित्झर पारितोषिक मिळालें, हेंही वडिलांनीं ध्यानीं घ्यावें.

म्हणून सर्वच रॅप उत्तम, असें नव्हे. त्यांत शिवीगाळ आहे, संपत्तीचा पोकळ डौलही आहे. पण सवंग लावण्या होत्या म्हणून लावणी टाकाऊ ठरली नाहीं. निवड करावी ती ऐकून. एखाद्या संध्याकाळीं मुलानें आपलें आवडतें रॅप लावावें, वडिलांनीं बापूरावांची लावणी लावावी, आणि ती आपल्याला कां आवडते, हें प्रत्येकानें सांगावें. सवाल एकाचा, जबाब दुसऱ्याचा. मग 'बडबड' हा शब्द त्या घरांत फार दिवस टिकणार नाहीं.