वार्ता आणि विवेक

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गतप्राण झाली, हे निर्विवाद वृत्त होय. मात्र त्या भूकंपाची तीव्रता कोठे ६.२, तर कोठे ६.४ अशी नमूद आढळते. तेव्हा एक आकडा खोटा ठरविण्याची घाई न करता, मोजणीच्या पद्धती भिन्न आहेत, हे आधी जाणून घ्यावे. तेरणा नदीवरील धरणाच्या जलाशयाने भूकंप ओढवला, हे मतही तज्ज्ञांत चर्चिले गेले. पण ते विवाद्य अनुमान होते, वृत्त नव्हे.

हाच मराठवाडा निजामी अमलात असताना तेथे वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते; त्यामुळे पत्रकार आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ साप्ताहिक १९३८ साली पुण्याहून काढावे लागले. ज्या मुलखात खरी खबर मिळविण्यासाठी एवढे सायास पडले, तेथील नांदेड-लातूरच्या वाचकाने आज मोबाइलवर आलेली वार्ता तहकीकात केल्यावाचून पुढे धाडू नये. ती कोणी दिली, त्याने प्रत्यक्ष पाहिले की नुसते ऐकले, आणि अन्य विश्वसनीय वृत्तपत्रांत तिला दुजोरा आहे काय, हे तीन सवाल आधी करावेत व मगच आपले मत बनवावे.