धोट्याचा वेग मोजायचा तर

सोलापुरात चादर विणणाऱ्या धोट्याच्या यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा सेकंदाला साधारण 10 मीटर वेगाने धावतो. सेकंदाला 30 चित्रं टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तो दोन चित्रांदरम्यान 33 सेंटिमीटर पुढे निघून जातो. 1000 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात फक्त 1 सेंटिमीटर. म्हणूनच धोटा कुठे मंदावतो, मागाच्या कडेच्या पेटीत आदळून किती उसळतो, हे तिथे नेमकं मोजता येतं. मग धोट्यावरच सेन्सर का नको? कारण त्याच्या वजनानेच धोट्याची चाल बदलते. कॅमेरा कशालाच हात लावत नाही. तो महाग आहे, त्याला प्रकाशही प्रखर लागतो, हे खरं. पण 240 चित्रं टिपणाऱ्या मोबाइलवरही हे अंतर 4 सेंटिमीटरवर येतं, ढोबळ दोष पकडायला तेवढं पुरे. वालचंद तंत्रज्ञान संस्थेसारख्या इथल्या महाविद्यालयांनी संशोधनाची सुरुवात शेजारच्या मागापासूनच करावी.