संपाची मनाई आणि संख्याबळाचा प्रश्न

१९६६ सालच्या शरदऋतूत सहा आठवड्यांच्या आत तीन गोष्टी घडल्या. २८ ऑक्टोबरला केंद्र सरकारच्या नोकरांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. १ नोव्हेंबरला पंजाबची पुनर्रचना होऊन चंडीगड केंद्रशासित प्रदेश बनले. २ डिसेंबरला पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. या तीन गोष्टी एका योजनेचा भाग नव्हत्या. परंतु चंडीगडच्या पोलीस शिपायाचे भवितव्य त्या तिन्हींनी मिळून ठरविले.

सल्लागार यंत्रणेत सरकारचे व नोकरांचे प्रतिनिधी एकत्र बसून विचारविनिमय करतात. मतभेद मिटला नाही, तर वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा एवढ्या विषयांपुरते प्रकरण लवादाकडे जाऊ शकते. मात्र या योजनेतून पोलीस वगळले गेले आणि केंद्रशासित प्रदेशांचे नोकरही वगळले गेले. चंडीगडच्या शिपायाला हे दार असे दोनदा बंद झाले. दुसरीकडे, नव्या कायद्याने पूर्वपरवानगीवाचून कामगार संघटनेत सामील होणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा, दोन हजार रुपयांपर्यंत दंडाचा, किंवा दोन्ही शिक्षांचा गुन्हा ठरविला. त्याला घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाचा आधार होता आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

या निर्बंधांना कारण नाही असे म्हणता येत नाही. १९१९ साली अमेरिकेत बोस्टनचे पोलीस संपावर गेले, तेव्हा शहरात लुटालूट झाली. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांचे बंड उसळले आणि लष्कराला पाचारण करावे लागले. तथापि बंदीने गाऱ्हाणे नाहीसे होत नाही. १९७९ च्या मे महिन्यात, कायदा अस्तित्वात असतानाही, पंजाबात पोलिसांचे आंदोलन पेटले आणि इतरत्र पसरले.

या गाऱ्हाण्यांत संख्याबळाचे गाऱ्हाणे मूलभूत आहे. एक नाका अहोरात्र सांभाळायचा, तर आठवड्याचे १६८ तास भरून काढावे लागतात. बारा तासांची पाळी ठेवली आणि सुटी दिलीच नाही, तर दोन माणसांत भागते. आठ तासांची पाळी आणि आठवड्याची एक सुटी दिली, तर माणशी ४८ तास होतात आणि साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण व प्रशिक्षण धरले की आकडा चारांकडे जातो. रिकाम्या राहिलेल्या पदाची किंमत अशा रीतीने हजर असलेला शिपाई आपल्या झोपेने चुकवितो. कामाचे तास आणि माणसांची संख्या हे दोन विषय नव्हेत. एकाच विषयाच्या त्या दोन बाजू आहेत.

अग्निशामक जवानाची गोष्ट थोडी निराळी आहे. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराने लष्कर व पोलीस यांच्यापुरता अपवाद ठेवला. त्यात अग्निशामकांचे नाव नाही. भारताच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगारांच्या संख्येतील बदलाची पूर्वसूचना देणे मालकावर बंधनकारक केले होते. परंतु शासकीय सेवानियम लागू असलेल्यांना ते संरक्षण नव्हते. वस्तुतः बंबावर एक माणूस कमी असणे म्हणजे धुरात शिरणाऱ्याला जोडीदार नसणे होय.

मग उपाय कोणता? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १९६८ साली पोलीस व अग्निशामक या दोघांना सामुदायिक वाटाघाटींचा हक्क दिला आणि तोडगा न निघाल्यास बंधनकारक लवाद ठेवला. संपाच्या मोबदल्यात दाद, असा हा सौदा आहे. आपल्याकडेही ऐकून घेण्याचे फळ दिसले आहे. २०१६ साली मुंबईतील एका शिपायाने आठ तासांच्या पाळीची योजना आखून वरिष्ठांपुढे मांडली. आयुक्तांनी ती देवनार ठाण्यात अजमावून पाहिली आणि पुढे इतर ठाण्यांतही लागू केली. मात्र तेथे ऐकणारा अधिकारी भेटला, हा योगायोग होय. अधिकारी बदलला की योगायोग संपतो. यंत्रणा मात्र टिकते.

रक्षकाने संप करू नये, ही समाजाची मागणी न्याय्य आहे. पण ती मागताना, नाक्यावर किती माणसे हवीत हे सांगण्याची एक नियमित जागा त्याला देणे, हे समाजाचेही देणे लागते.