जुन्या मोटारींतील तेलगळती व तिची घरगुती दुरुस्ती

शेतकऱ्याच्या दारीं ज्या मोटारी प्रथम उभ्या राहिल्या, त्यांत मारुती ८०० हिचा वांटा मोठा आहे. ही गाडी १९८३ सालीं रस्त्यावर आली व २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. म्हणजे आज चालूं असलेली तिची सर्वांत नवी प्रतही दहा वर्षांहून जुनी झाली. एवढ्या वयाच्या इंजिनाखालीं सकाळीं तेलाचा डाग दिसला तर नवल नाहीं. डाग दिसतांच कांहीं मंडळी गाडी विकावयास काढतात व कांहीं त्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. आमच्या मतें दोन्ही गोष्टी अनिष्ट होत. कारण पुष्कळ गळत्यांचें मूळ थोडक्या रुपयांच्या रबरी पॅकिंगांत असतें व तें घरीं बदलतां येतें.

ह्या गाडीच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनांत तेल मुळांतच थोडें मावतें. त्यामुळें रोज थेंबाथेंबानें गेलेलें तेलही लवकर जाणवतें. आमच्या माहितीच्या एका बागाईतदारांनीं तेलाचा लाल दिवा लागला असतां “गांव तर आलाच” म्हणून गाडी तशीच दामटली. बेअरिंगें जळालीं, क्रँक खराब झाला व दुरुस्तीचा आंकडा गाडीच्या किंमतीवर गेला. लाल दिवा लागल्यास तेथेंच इंजिन बंद करावें, मग घर शंभर पावलांवर कां असेना. दुसरा धोका आगीचा. गळणारें तेल धुराच्या तापलेल्या नळावर पडलें तर प्रथम करपट वास येतो. त्या वासाकडे दुर्लक्ष करूं नये.

आतां गळतीचा शोध. तेल वरून खालीं उतरतें व गाडी चालतांना वाऱ्यानें मागें पसरतें. म्हणून थेंब जेथून पडतो तेथें गळती असेलच असें नाहीं. सातबाऱ्यावरील चूक शेवटच्या फेरफारांत दिसते, पण तिचें मूळ कोठें तरी मागच्या नोंदींत असतें, तसाच हा प्रकार आहे. इंजिन पूर्ण थंड असतां रॉकेल अगर डिझेल व ब्रश घेऊन तें धुवून काढावें व कोरडें पुसावें. सर्व वाफ उडून जाईपर्यंत थांबावें. मग संशयित सांध्यांवर अंगाला लावण्याची पावडर भुरभुरावी, गाडी पंधरावीस मिनिटें चालवावी व विजेरी घेऊन वरून खालीं पाहत यावें. पावडर जेथें सर्वांत वर भिजली, तेथें मूळ समजावें. रात्रीं खालीं पुठ्ठा पसरून ठेवल्यास रंगही कळतो: इंजिनाचें तेल काळपट, ब्रेकचें पातळ व पिवळसर, तर रेडिएटरचें पाणी बहुधा हिरवें.

इंजिनाच्या माथ्यावरील झांकणास कारागीर टॅपेट कव्हर म्हणतात. पुष्कळदां मूळ सांपडतें तें त्याच्या कडेशीं, कारण उष्णतेनें रबर कडक होऊन त्याची लवचिकता जाते. येथें बहुतेकजण पाना घेऊन बोल्ट आवळूं लागतात. अति आवळल्यानें झांकणाची कड वांकते व गळती वाढते. कडक झालेलें रबर कितीही दाबलें तरी मऊ होत नाहीं. पॅकिंग बदलणें हाच उपाय. मात्र तत्पूर्वीं झांकणापासून निघणारी श्वासनळी तपासावी. ती काजळीनें तुंबली असेल तर इंजिनांतील दाब बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं व तो तेलाला सांध्यांतून ढकलतो. नळी तशीच ठेवून पॅकिंग बदलल्यास महिन्या-दोन महिन्यांत गळती पुन्हां हजर.

इंजिन थंड असतां बॅटरीची ऋण तार सोडावी. हवेच्या गाळणीची पेटी व आड येणाऱ्या तारा खुणा करून बाजूला घ्याव्या. बोल्ट थोडथोडे, आळीपाळीनें सैल करावे. झांकण चिकटलें असेल तर लांकडी ठोकळ्यानें हलकेंच ठोकावें. स्क्रू ड्रायव्हर खुपसूं नये, नाहीं तर मऊ अॅल्युमिनियमवर चर पडेल व ती चर कायमची गळेल. उघड्या भागांत स्वच्छ फडकें घालून बांबूच्या चिपेनें जुनें रबर खरवडावें. सँडपेपर वर्ज्य, कारण त्याचे कण तेलांतून बेअरिंगांपर्यंत पोहोंचतात. झांकण कांचेवर उपडें ठेवून कड सपाट आहे कीं नाहीं पाहावें. दोन्हीं पृष्ठें अगदीं कोरडीं करून नवें पॅकिंग खोबणींत बसवावें. सिलिकॉनचा लेप हवाच असेल तर कोपऱ्यांवर मुगाएवढा पुरे. जास्तीचा लेप आंत पिळला जाऊन तुकडे सुटतात व तेलाच्या पंपाची जाळी तुंबवितात. फडकें काढण्यास विसरूं नये. बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन फेऱ्यांत, लहान पान्यानें मनगटाच्या बेतानें आवळावे.

ऑइल फिल्टरजवळ गळत असेल तर जुन्या फिल्टरचें रबरी कडें इंजिनास चिकटून तर राहिलें नाहीं ना, हें पाहावें. दोन कडीं एकावर एक बसल्यास तेल धारेनें जातें. चेंबरच्या तळाशीं ड्रेन प्लग असतो. त्याचें वॉशर तेल बदलतांना नवें घालावें. इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडांतून गळणारें तेल मात्र बहुधा क्रँकच्या मागील सीलचें असतें. त्यासाठीं गिअरबॉक्स उतरवावी लागते. तें काम कारागिराकडे सोंपवावें. गळती थांबविणाऱ्या बाटल्या बाजारांत मिळतात. त्या रबर फुगवितात व कांहीं दिवस गुण येतो; फाटलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाहीं.

खालीं शिरावयाचें झाल्यास चाकांस उटी लावून गाडी मजबूत घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही अंग घालूं नये. काढलेलें तेल बांधावर अगर विहिरीजवळ ओतूं नये, कारण तें पाण्यांत उतरतें. डब्यांत सांठवून तालुक्याच्या गॅरेजांतील जुन्या तेलाच्या पिंपांत द्यावें. दुरुस्तीनंतर आठवडाभर रोज सकाळीं, गाडी सपाट जागीं असतां, डिपस्टिक पाहून तेलाची पातळी गाडीच्या वहींत टिपावी.